हिऱ्या सकाळीच का अडतो: पुलावर थांबणाऱ्या एका बैलाची केस

केस एका बैलाची आहे. नाव हिऱ्या, गवळाऊ वळणाचा, पांढरा, मानेकडे थोडा राखट, दात जुळलेले म्हणजे पाच-सहा वर्षांचा धरा, मागच्या पोळ्याच्या आधी बाजारातून आणलेला. जोडीला ढवळ्या, तो घरचाच, हिऱ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. गाव वर्धा जिल्ह्यातलं, आर्वीकडचं. मालक माझे लांबचे काका, चौदा एकर वावर, त्यातलं नऊ एकर नाल्याच्या पलीकडे आणि तिथे सगळा कापूस. मी पशुसंवर्धनाचा डिप्लोमा केलेला माणूस, गावात सगळे डॉक्टर म्हणतात, मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून थकलो, आता ओ देतो.

तक्रार अशी होती की हिऱ्या नाल्यावरच्या नव्या पुलापाशी येऊन उभा राहतो. रोज नाही म्हणे, पण बहुतेक रोज. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, वेचायला जाणाऱ्या सहा-सात बाया बसलेल्या असतात, सालदार मामा धुरेवर, आणि पूल सुरू व्हायच्या दोन हात आधी हिऱ्या चारही पाय रोवतो, मान खाली घालतो, नाकातून फुर्रर्र करतो की संपलं. तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी, टोचली तर पुढे जायच्या ऐवजी डावीकडे दाबतो, आणि डावीकडे म्हणजे पुलाच्या ज्या बाजूला कठडाच नाही त्या बाजूला, खाली आठ-नऊ फूट नाला. एक दिवस डावं चाक काठापासून वीतभरावर आलं, बायांनी पटापट उड्या मारल्या, एकीचा गुडघा फुटला. त्या दिवशी काकांचा फोन आला.

"डाक्टर, हिऱ्याले पाह्य ना जरा. चांगला पंचावन हजाराचा बैल, अन् पुलावर भूत पाह्यल्यासारखा उभा रायते."

भुताचं म्हणाल तर ती थिअरी आधीच गावात फिरत होती. नाल्यात फार वर्षांपूर्वी कोणी बुडालं होतं, त्या जागेवर पूल झाला, जनावराला दिसते आपल्याला नाही दिसत, वगैरे. नारळ फोडून झाला होता, लिंबू उतरवून झाला होता. मी त्यावर हसत नाही, कारण त्या थिअरीतलं अर्धं वाक्य खरंच निघालं: जनावराला दिसते, आपल्याला नाही दिसत. फक्त काय दिसते ते वेगळं होतं.

मी पौषात गेलो, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. पहिल्यांदा कोठ्यात बैल पाहिला. अडणारा बैल म्हटलं की आधी दुखणंच शोधायचं, नजर-बिजर नंतर. खूर ठोकून पाहिले, खुरात खडा नाही, सूज नाही. खांदा पाहिला, जुवाखाली आवाळू नाही, सोललेलं नाही. पुठ्ठ्यावर मात्र तुतारीचे सात-आठ टोचे होते, त्यातले दोन पिकलेले, ते धुवून मलम लावला आणि मामांकडे पाहिलं, मामांनी दुसरीकडे पाहिलं. मग डोळे. पापणी उलटून जंत आहे का पाहिला, नव्हता. टॉर्च मारला, बाहुली आखडली. डोळ्यासमोर बोट अचानक नेलं तर पापणी मिटतो, दोन्हीकडे. मग कापसाचा पुंजका डोळ्यासमोरून खाली सोडला, कापूस यासाठी की त्याचा आवाज होत नाही न् वाराही लागत नाही, म्हणजे बैलाने मान फिरवली तर ती नजरेनेच फिरवली. हिऱ्याने दोन्ही बाजूंनी पुंजका बरोबर टिपला. नजर ठणठणीत.

आता इथे मी एक चूक केली ती सांगून टाकतो. ढवळ्याला मी तपासलंच नाही. तो अडत नव्हता ना, मग कशाला तपासायचं. गुणी बैल, काका म्हणत होते, गावही म्हणत होतं. हे पुढे येईल.

दुसरा प्रश्न, कधी अडतो. यावर घरात चार माणसांची चार उत्तरं. काका म्हणाले रोज, मामा म्हणाले जायच्या वेळेस, काकू म्हणाल्या आमोशेच्या आसपास जास्त, आणि काकांचा नववीतला पोरगा म्हणाला, "बाबा, परवा तं उशीर झाला होता तव्हा गेला ना तो सरळ." पोराचं उत्तर सगळ्यात कामाचं निघालं पण ते तेव्हा मी नुसतं वहीत लिहून ठेवलं. लिहून ठेवलं एवढंच बरं केलं.

माझा पहिला संशय रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर. पूल नवीन, जुना रपटा पावसाळ्यात वाहून गेला तेव्हा केलेला, आणि पुलाच्या दोन्ही तोंडाला गाड्या हळू व्हाव्या म्हणून जाडजाड पांढरे पट्टे मारलेले. मी कुठेतरी वाचलेलं डोक्यात होतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडे कुरणाच्या रस्त्यावर फाटक लावण्याऐवजी आडवा खड्डा खणतात न् त्यावर अंतराअंतराने लोखंडी नळ्या टाकतात, गाडी खडखडत निघून जाते, पण गुरं तिथे पाय टाकत नाहीत. काही ठिकाणी तर खड्डाही खणत नाहीत, डांबरावर नुसते आडवे पट्टे रंगवतात आणि बरीच गुरं त्या रंगालाच खड्डा समजून मागे फिरतात. आपल्याला हे हास्यास्पद वाटते, पण गुराच्या डोळ्याच्या जागी बसून पाहिलं तर त्यात मूर्खपणा काही नाही. गाय-बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळपास सगळीकडचं दिसते, ३३० अंशाच्या आसपास, फक्त ढुंगणामागची एक फट आंधळी. हा फायदा वाघ-लांडगा हेरायला. पण त्याची किंमत अशी की दोन्ही डोळ्यांचं मिळून पाहणं, ज्यानं अंतर नि खोली कळते, ते समोरच्या एका अरुंद पट्टीतच होते, आणि नाकाच्या अगदी खालची जागा तर दिसतच नाही. म्हणून जमिनीवर काळं-पांढरं काही दिसलं की तो नुसता रंग आहे, पायरी आहे की भोक आहे, हे चालता चालता त्याला ठरवता येत नाही. थांबून, मान खाली घालून, नीट रोखून पाहावं लागते. आपण त्यालाच अडणं म्हणतो.

तर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की पट्टे झाका. मामांनी आणि पोराने दोन पाट्या माती आणि एक पोतं तुरीचं कुटार म्हणजे भुसा पसरवला, पट्टे पार दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळे जमलो, रस्त्याने जाणारे चार जण पण थांबले, बंडी आली, पहिला पांढरा पट्टा जिथे होता तिथून हिऱ्या आरामात गेला, आणि पुढे पूल सुरू होतो तिथे उभा राहिला. फुर्रर्र. जमलेल्यांपैकी एका बाप्पाने मला विचारलं, "साहेब, कुटारबी वाया गेलं का मंग?" आणि त्या संध्याकाळी परत येताना तोच हिऱ्या, दोन क्विंटल कापसाचे बोजे बंडीत, त्याच पुलावरून मान हलवत आला. पट्टे जायच्या वेळी आणि यायच्या वेळी सारखेच असतात की. एवढं साधं मी आधी विचारलं नव्हतं.

मग दुसरी शंका मामांवर. म्हणजे मामा मुद्दाम काही करतात असं नाही, पण बर्लिनमधल्या त्या घोड्याची गोष्ट मला माहीत होती. हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, उत्तर येईल तितक्या टापा मारायचा, मोठमोठे लोक पाहून गेले, त्यात १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या माणसाने दाखवून दिलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा घोड्याला तो माणूस दिसत नसला तर घोडा चुकतो. तो गणित करत नव्हता, बरोबर आकड्यावर माणसाचं डोकं जरासं वर उचललं जायचं ते पाहून थांबायचा. मालकालाही पत्ता नव्हता की आपण काही खूण करतोय. आता मामांचं पहा, पूल पन्नास पावलांवर आला की मामा कासरा आखडून घेत, तुतारी हातात उलटी करत, आणि बायांची बडबड बंद होई. एवढं सगळं झाल्यावर कोणताही बैल म्हणेल की पुढे काहीतरी आहे बुवा. म्हणून तिसऱ्या दिवशी काकांचे जावई आले होते, हिंगणघाटकडचे, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना धुरेवर बसवलं, बाया बसवल्या नाहीत, तुतारी घरी ठेवली. जावई मोबाईलवर बोलत बोलत बंडी हाकत आले. हिऱ्या त्याच जागी थांबला, अगदी दोन हात आधी. जावई म्हणाले, "अबे, याले काय झालं?" बरं झालं, मामांवरचा आळ गेला, आणि मामा तेव्हापासून माझ्याशी जरा बरे बोलायला लागले.

म्हणजे आता राहिलं काय, तर सकाळ. पूल तोच, बैल तोच, माणूस बदलला तरी तेच, पट्टे झाकले तरी तेच, सकाळी अडतो न् संध्याकाळी अडत नाही, आणि पोराने सांगितलेलं, उशीर झाला तेव्हा गेला. वहीतलं ते वाक्य मी रात्री वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

चौथ्या दिवशी बंडी येण्याआधीच साडेसातला पुलावर गेलो. उभं राहून पाहिलं, काही नाही, पूल आहे. मग मला त्या टेम्पल ग्रँडिन बाईंचं आठवलं, अमेरिकेतल्या, कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक आहेत, त्यांनी १९७० च्या दशकापासून हेच केलं की गुरं जिथे अडतात त्या अरुंद वाटेत स्वतः उतरायचं आणि गुराच्या उंचीवरून पाहायचं, मग दिसते की लटकलेली साखळी आहे, पाण्यावर चकाकी आहे, कुंपणावर कोणी सदरा टाकलाय, उन्हाची तिरीप आहे. तर मी पण पुलाच्या तोंडाशी वाकलो, मान खाली मातीजवळ नेली. शेजारून शाळेत जाणाऱ्या पोट्ट्यांना आयुष्यभराचा विषय मिळाला. पण दिसलं.

पूल दक्षिणोत्तर आहे. कठडा लागला आहे तो फक्त पूर्वेकडचा, दिवाळीनंतर लावला, पश्चिमेकडचा लागायचाय, ठेकेदाराचं बिल कुठेतरी अडकलं म्हणतात. कठडा कंबरेएवढा, सव्वातीन फूट, दोन-दोन इंचाचे उभे पाईप, वीत-वीत अंतरावर. आणि पौषातलं ऊन सकाळी आठला इतकं तिरपं की त्या कंबरेएवढ्या कठड्याची सावली बारा फुटांचा पूल ओलांडून पार दुसऱ्या काठाला टेकते. वर नवीन सिमेंट, पांढराफट. त्या पांढऱ्यावर काळ्या पट्ट्या, एक सोडून एक, आडव्या-तिरप्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उभ्या माणसाला ती सावली वाटते, कारण आपण कठडाही पाहतो, सूर्यही पाहतो, आणि डोक्यात हिशोब होऊन जातो. खाली वाकून पाहिलं तर ती शिडी आहे. खाली नाला असलेली, पायऱ्यांमध्ये भोकं असलेली शिडी. मला तिथे अंगावर काटा आला हे खरं सांगतो.

मग दिवसभर तिथेच बसून मोजलं, टेपने. आठला सावली बारा फूट. नऊला साडेपाच-सहा. दहाला तीन फूट, म्हणजे कडेला गुंडाळून बसलेली, बंडी मधून आरामात जाईल. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला गेला की पूर्वेच्या कठड्याची सावली नाल्यात पडते, पुलावर काहीच नाही, आणि पश्चिमेला कठडाच नाही तर सावली कशाची. संध्याकाळचा हिऱ्या गुणी का, ते कळलं. कुटार टाकून उपयोग का झाला नाही, तेही कळलं, सावली कुटारावर पडते, ती काय कुटाराखाली झाकली जाते का. आणि काकू आमोशा म्हणत होत्या त्याचं उत्तर बहुतेक ढगात असावं. मधल्या एका आठवड्यात आभाळ होतं, थोडा पाऊसही शिंतडला, त्या दिवसांत बैल गेला होता असं मामांना आठवलं. आभाळ असलं की सावली नाही. तिथी काय होती ते आम्ही पंचांगात पाहत बसलो नाही.

इथे एक आडवळण घेतो. लोक म्हणतात गुरांना रंग दिसत नाही, काळं-पांढरंच दिसते. तसं नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार, गाय-बैलाच्या डोळ्यात दोन. निळं आणि पिवळं-हिरवं याचा फरक कळतो, लाल आणि हिरवं मात्र गल्लत होते. म्हणून लाल फडक्याने बैल चिडतो हे खोटं, फडकं हलते म्हणून तो चिडतो. चितळ-सांबराचंही असंच आहे. ब्रिस्टल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१९ मध्ये दोनच प्रकारच्या पेशी असलेल्या डोळ्याला वाघ कसा दिसत असेल ते काढून दाखवलं, तर आपल्याला जो ताडोब्यात केशरी भडक दिसतो तो हरणाला झाडोऱ्यासारखाच हिरवट दिसतो, वरून पट्टे, म्हणजे जवळजवळ अदृश्य. तर जिथे रंगाची मदत कमी तिथे काळं-उजळ हा फरकच सगळं काम करतो. त्यात गुराच्या बुबुळाची फट आडवी असते, आडवं क्षितिज चांगलं टिपायला, आणि डोळ्याच्या मागे चकाकणारा पडदा असतो, रात्री टॉर्चमध्ये हिरवट चमकते ना ते, तो उजेड परत फेकून अंधारात मदत करतो. हे डोळे पहाटेच्या, संध्याकाळच्या कामाला बनलेले. नव्या सिमेंटवरचं सकाळचं ऊन त्याला कसं झोंबत असेल ते देव जाणे, मला तर गॉगल लावावा वाटत होता.

आता ढवळ्या. हा प्रश्न जावयांनी विचारला आणि मला उत्तर नव्हतं. हिऱ्याला शिडी दिसते तर ढवळ्याला का नाही? दोघांचे डोळे बैलाचेच. पाचव्या दिवशी दोघांना न जुंपता, एकेकाला दाव्याने धरून पुलावर आणलं. हिऱ्या थांबला, पण कासरा ढिला सोडला तर पळाला नाही, मान खाली, नाक सिमेंटजवळ, मग मान उजवीकडे वळवून डाव्या डोळ्याने बराच वेळ पाहिलं. गुरं अनोळखी वस्तू डाव्या डोळ्याने जास्त पाहतात असं २०१० च्या एका अभ्यासात निघालं होतं, पण एका बैलाच्या एका मान वळवण्यावरून मी त्यात काही जोडत नाही, कदाचित उजवीकडून ऊन डोळ्यात येत होतं म्हणूनही वळवली असेल. ढवळ्याला मात्र त्याच उजव्या बाजूने, कठड्याला लागून नेलं तर तोसुद्धा अर्धा मिनिट थांबला. गुणी बैल! जुंपलेला असताना तो डावीकडे असतो, म्हणजे पश्चिमेच्या काठाकडे, आणि सावलीचं कसं असते, पाईपाच्या बुडाशी ती कोळशासारखी काळी आणि दहा-बारा फुटांवर जाईस्तोवर फिकी, कडा पुसलेल्या. त्याच्या वाट्याला फिकी सावली येते. आणि मग मी शेवटी त्याचे डोळे तपासले. उजव्या डोळ्यात फूल. बुबुळावर पांढरट डाग, ज्वारीच्या दाण्याहून मोठा. काकू म्हणाल्या, "हाव ना, लहान होता तव्हा बाभळीचा काटा लागला होता त्याले." कापसाचा पुंजका उजवीकडून सोडला तर ढवळ्याला पत्ताच नाही. म्हणजे उजवीकडची काळीकुट्ट शिडी त्याला दिसतच नव्हती. तीन महिने आख्खं गाव ज्या बैलाचं कौतुक करत होतं तो एका डोळ्याने आंधळा होता, आणि ज्याला नीट दिसत होतं त्याच्या पुठ्ठ्यावर टोचे. मामा काही बोलले नाहीत. संध्याकाळी हिऱ्याच्या पुढ्यात मूठभर ढेप जास्त पडलेली मी पाहिली.

उपायाचं आता. सगळ्यात सोपं म्हणजे दहा वाजता जायचं, सावली गेलेली असते. पण वेचणीच्या दिवसांत बाया आठलाच निघतात, किलोवर मजुरी आहे, दहाला गेलं तर दुपारपर्यंत काय वेचणार. दुसरं म्हणजे जुन्या पांदणीने नाल्यातून उतरून जायचं, दीड किलोमीटर फेरा न् गुडघाभर चिखल. तिसरं, कठड्यावर काहीतरी टाकून पट्ट्यांची सावली मोडायची. काकूंनी जुन्या साड्या दिल्या, रानडुकरांसाठी वावराभोवती बांधतात तशा आम्ही त्या कठड्याला बांधल्या. हा माझा दुसरा गाढवपणा. सकाळी वारा होता, साड्या फडफडल्या, त्यांच्या सावल्या पुलावर नाचायला लागल्या, आणि त्या दिवशी हिऱ्या नुसता अडला नाही, बंडी घेऊन उलटा फिरला, ढवळ्या त्याच्यासोबत ओढला गेला, जुवाची एक शिवळ मोडली. स्थिर वस्तूपेक्षा हलती वस्तू गुराला कितीतरी जास्त खुपते हे मी पाच मिनिटांपूर्वी मामांना समजावून सांगितलं होतं, तोंडाने. मामांनी फक्त एवढंच म्हटलं, "वावराले साड्या कायले बांधतो आपण? जनावर पयाले पाह्यजे म्हून ना?"

मग युरियाच्या रिकाम्या गोण्या घेतल्या, चाळीस-बेचाळीस लागल्या, उसवून सपाट केल्या, सुईदोऱ्याने एकाला एक शिवल्या, आणि कठड्याच्या आतून ताणून ताणून तारेने बांधल्या, ढोलकीच्या कातड्यासारख्या, बोट मारलं तर टणक वाजावं इतक्या. आता सावली पडते, पण एकच सलग, पट्ट्या नाहीत. पूल सगळा एका रंगाचा झाला, काळसर. राहता राहिली एकच धार, जिथे ऊन संपून सावली सुरू होते. तिथे हिऱ्या थांबलाच. पण यावेळी मामांना आधीच सांगून ठेवलं होतं, आणि खरं तर मामांच्या आज्याची शिकवण तीच होती, ती मामांनाच त्या आठवड्यात आठवली: बैल खाली पाह्यते तव्हा त्याले पाहू द्या. कासरा ढिला सोडायचा, तुतारी नाही, मागून ओरडायचं नाही. मागून टोचणारा माणूस बैलाच्या नजरेच्या त्या आंधळ्या फटीतून येतो, पुढे भोक वाटते न् मागे न दिसणारा काटा, मग तो बाजूलाच पळणार, आणि बाजूला नाला. थांबला, मान खाली घातली, हुंगलं, एक पाय टाकला, परत घेतला, परत टाकला. पोराने मोबाईलवर व्हिडीओ काढला त्यात मोजलं, पहिल्या दिवशी पावणेदोन मिनिटं. चौथ्या दिवशी पंधरा-वीस सेकंद. आठव्या दिवशी चालता चालता मान खाली घातली न् गेला, थांबलाच नाही.

या काळात त्या बाया पुलाच्या आधी उतरून पायी पूल ओलांडायच्या, पलीकडे परत बसायच्या. गुडघा फुटलेली बाई तर पुढे महिनाभर उतरतच राहिली, बैल सुधारला तरी. तिलाही पाहू द्यायला पाहिजे, घाई काय आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी वेचणी संपली, गोण्या उन्हाने चुरायला लागल्या, तीन-चार निघून गेल्या, तिथून पट्ट्यांची सावली परत पडायला लागली, पण सूर्य तोवर वर सरकलेला, आठची सावली आखूड झालेली, आणि हिऱ्याला तो पूल ओळखीचा झालेला. त्याने एकदा त्या दोन-तीन पट्ट्यांवरून मान खाली घालून पाहिलं आणि गेला. तो पूर्ण बरा झाला असं मी म्हणत नाही. मार्चमध्ये शेजारच्या गावात लग्नाला बंडी नेली तेव्हा रस्त्यात सांडलेल्या पाण्याच्या चकाकीपाशी तो थांबला होता. मामांनी कासरा सोडला, बिडी पेटवली, बिडी अर्धी व्हायच्या आत बैल गेला.

ढवळ्याच्या डोळ्यावर आता काही करण्यासारखं नाही, डाग जुना आहे. एवढंच सांगितलं की त्याच्या उजवीकडून जवळ जाताना आधी आवाज द्या, हात लावा, नाहीतर दचकून लाथ बसेल, आणि जुंपताना तो डावीकडेच ठेवा म्हणजे आंधळी बाजू हिऱ्याकडे राहील.

मे महिन्यात बिल निघालं वाटते, पश्चिमेकडचा कठडा लागला. तसेच पाईप, तेवढंच अंतर. आता संध्याकाळी येतानाची सावली पुलावर पडणार, मृगात पेरणी सुरू झाली की बंडी पाच-साडेपाचला परत फिरते. मी काकांना फोन केला सांगायला, तर काकू म्हणाल्या, "गोण्या शिवूनच रायली मी."